आमची वाटचाल : कोणती नक्कल घ्यावी, कोणती नाही

सातारला कचेरीच्या आसपास जुने कागद काढून देणारी दुकानं आता पावलागणिक आहेत. आम्ही 2004 साली टेबल मांडलं तेव्हा त्या गल्लीत स्टॅम्पव्हेंडर, टायपिंगवाला आणि आम्ही, एवढेच. आम्ही म्हणजे मी आणि भाऊ. नात्यानं कुणी नव्हेत, माझ्या वडिलांच्या वयाचे. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून रेकॉर्डकीपर म्हणून निवृत्त झालेले. टेबल-खुर्ची माझी, डोकं त्यांचं. रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हातात घेतला की गाठीवरून सांगायचे, हा गेल्या कित्येक वर्षांत कुणी सोडलेला नाही, आत झुरळं निघतील. निघायचीच.

पाटीवर लिहिलं होतं : नकला, मोडी वाचन, वंशावळ. पण आमचं पोट भरलं ते पाटीवर नसलेल्या कामावर. माणूस यायचा आणि म्हणायचा, "आमच्या घराण्याचं जे जे असेल ते सगळं काढा." भाऊ चष्म्यावरून बघायचे. "सगळं काढायला तुमचं घराणं म्हणजे संस्थान का?" मग अर्ध्या कागदांवर काट मारायचे. आमचं कमिशन आमच्याच हातानं कापायचे. मला तेव्हा राग यायचा, हेही लिहून ठेवतो.

त्यांचा दंडक साधा. ज्या कागदात दोन पिढ्या आणि त्यांच्यातलं नातं लिहिलंय, त्याची खरी नक्कल, म्हणजे कचेरीच्या सही-शिक्क्याची, घ्यायची. ज्यात नुसतं नाव आहे ते वहीत उतरवून घ्यायचं. ज्यात नावही नाही, त्याला हात लावायचा नाही. आकारबंदात नंबर, क्षेत्र आणि आकार. माणूस कुठाय त्यात? फाळणीबारा, म्हणजे पोटहिश्शांच्या मोजणीचा कागद, हद्दीच्या भांडणात लागतो, आजोबा शोधायला नाही. सातबारा दर दहा वर्षांनी नवा लिहिला जायचा म्हणून लोक 1955 पासूनचे सगळे संच मागतात, आणि बारा नंबरात, म्हणजे त्याच्या पिकांच्या भागात, ज्वारी-भुईमूग वाचत बसतात. सातबाऱ्याची एक जुनी प्रत पुरे. त्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर. कंसात गेलेलं नाव म्हणजे हक्क गेलेला माणूस. तो का गेला ते त्या नंबरच्या फेरफारात असतं, आणि पैसे तिथं मोजायचे.

त्यातही वारसाचा फेरफार. मयताचं नाव, मेल्याची तारीख, विधवा, मुलगे, आणि नशीब असेल तर मुली. त्या बहुधा ‘इतर हक्कात’ ढकललेल्या, पण नावानिशी. आपल्या भागात हक्कनोंदीचा कायदा 1903 सालचा, त्यामुळं नशिबानं गावाचं दप्तर टिकलं असेल तर तीन-चार पिढ्या नुसत्या फेरफारांवर लागतात. नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ दिसलं की समजायचं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सातबाऱ्यावर एकटा, पण मागं सगळे भाऊ उभे. ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, असलं तर पोर अज्ञान (वयानं लहान) होतं आणि बाप त्याआधीच गेला होता. दोन-तीन अक्षरांत एवढं सांगणारा दुसरा कागद मला माहीत नाही.

गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तोही घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेकदा नसतंच. बारसं व्हायच्या आधी कोतवालानं खबर दिलेली, म्हणून नुसतं ‘मुलगा’ नाहीतर ‘मुलगी’. बापाचं नाव, जात, तारीख. तीन भावांपैकी ही नोंद कोणाची, हे दुसऱ्या कागदाशी जुळवल्याशिवाय ठरवू नये. शाळेचंही तेच. दाखला आज लिहून मिळतो. प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा, त्यात त्या वेळची शाई असते. आणि जन्मतारीख 1 जून असली तर ती गुरुजींनी दिलेली आहे, आईनं नव्हे.

हत्यारं म्हणाल तर एक भिंग, मऊ कुंचला, पेन्सिल (जुन्या कागदाजवळ पेन नेऊ देत नाहीत, नेऊही नये) आणि काळा कागद. पानाच्या पाठची शाई या बाजूला उमटलेली असते. मागं काळा कागद सरकवला की ती दबते आणि पुढची ओळ मोकळी होते. उजेड बाजूनं घ्यायचा. आता मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे केले तरी पुसट अक्षर उठतं. भाऊंची मोडीची वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुठला कुलकर्णी (गावचं दप्तर लिहिणारा) ‘स’ कसा काढायचा याची गाववार नोंद. मोडीत आधी रेघ ओढतात, मग खाली अक्षरं लोंबकळतात, ऱ्हस्व-दीर्घ काही नाही. पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग आणि परीक्षा असते, ती मी दिली. पण वाचायला शिकलो त्या वहीवर.

आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक मास्तर. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात. धरण 1964 ला पुरं झालं, घरं रायगडाकडं पांगली, भावकी ठाण्याला, कुणी सोलापूरकडं. मास्तरांना कसलाही दाखला नको होता. एकच हवं होतं : पांगायच्या आधी आपण कोण कोण होतो. गाव बुडालं तरी दप्तर बुडत नाही. भाऊंनी त्यांना सातबारा घेऊच दिला नाही. भूसंपादनाचा निवाडा काढला. मोबदला कुणाला, किती, मयत खातेदाराचे वारस कोण, सगळी भावकी एका यादीत. ती यादी वाचताना मास्तरांनी एका आत्याचं नाव दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर पंधरा वर्षं ते दर दिवाळीला येत, नवा कागद असो वा नसो, आणि येताना त्या खोऱ्यातलं एखादं घर बरोबर आणत.

मधल्या वर्षांचं काय सांगायचं. चाललं.

मग 2023 चा सप्टेंबर. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, नोव्हेंबरात तिचं कार्यक्षेत्र राज्यभर वाढलं, आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जातीच्या दाखल्याला ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. आता ते पानवाल्यालाही पाठ होतं. आमचं सोनं व्हायला हवं होतं. झालं उलटं. समोरच एकानं गाळा घेतला. मोठा फ्लेक्स : ‘संपूर्ण घराण्याचा संच, एका छताखाली’. नाव लिहीत नाही, गल्लीला माहीत आहे. संच म्हणजे काय? आकारबंद, फाळणीबारा, सगळे सातबारे, आडनाव जुळणारा दिसेल तो नमुना 14. गठ्ठा जाड झाला की गिऱ्हाईक खूश. माणसाला वजन दिसतं, नातं दिसत नाही. आमच्याकडं येऊन लोक विचारायचे, "तुम्ही चारच कागद देता, ते चाळीस देतात." काय उत्तर देणार?

आमचा मोडी वाचणारा पोरगा त्यानं दुप्पट पगारावर नेला. मीच शिकवलेला. त्याच पावसाळ्यात भाऊ गेले. भाडं थकलं, मालकानं गाळा विकायला काढल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. त्यातून आमच्याबद्दल बाहेर बोललं गेलं की हे मुद्दाम नोंदी दडवतात, म्हणून कमी देतात. वीस वर्षं जे काम इमानानं केलं तेच आमच्यावर उलटलं, आणि आजही कुणी ते शब्द मागं घेतलेले नाहीत.

तगलो ते मास्तरांच्या खोऱ्यातल्या माणसांमुळं. त्यांनी फोन फिरवले. आणि हळूहळू ते चाळीस कागदवालेही येऊ लागले, जात पडताळणीत अडकून. कागद खरे होते, पण एकानंही दुसऱ्याला बाप म्हटलं नव्हतं. वंशावळीच्या शपथपत्रात आजोबांचे वडील लिहिलेत, आणि त्यांना जोडणारा एकमेव फेरफार गठ्ठ्यात नाही! तो आम्ही काढून द्यायचो. समोरचा गाळा मात्र बंद पडलेला नाही. उलट त्यानं शेजारचाही घेतला.

विचारलं नाहीत तरी सांगतो. घरच्या ट्रंकेतला मोडी कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक निघत नाही आणि कागद आतून मरतो. नक्कल अर्जाची पावती फेकू नका, त्यावरचा नंबर पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचवतो. आताचा डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, तो काढूनच आमच्याकडं या. आडनावावर भरवसा ठेवू नका. कागदात गावकीचं आडनाव, शाळेत दुसरंच आणि मुंबईत गिरणीच्या हजेरीपटावर तिसरं असू शकतं. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी विचारा. फेरफारात सापडणार नाहीत ती लेकींची नावं तिला पाठ असतात.

पहिल्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही असं कुणीतरी पसरवलंय. घेतो. कोणती नक्कल घेऊ नये हे सांगायलाही डोळे झिजतात.