जुन्या गाडीचे ब्रेक: ओरिजिनल शोधायचे की रेप्रो टाकायचे?

जुन्या गाडीचं ब्रेकचं काम काढलं की हा प्रश्न येतोच. एक गट म्हणतो कंपनीच्या डब्यातलं सोडून काही लावायचंच नाही, दुसरा म्हणतो एवढं काय, आता बनतं ते रेप्रो, म्हणजे जुन्यासारखं नव्याने बनवलेलं, पण तसंच असतं. मला दोन्ही पटत नाही, कारण ब्रेक म्हणजे एक पार्ट नाहीये, त्यात रबर आहे, बीड आहे, लायनिंग (घासून गाडी थांबवणारा थर) आहे, पाइप आहेत आणि प्रत्येकाचं म्हातारं व्हायचं कारण वेगळं आहे. माझं मत असंय की रबर नवीनच पाहिजे, बिडाचं काम जमेल तोवर जुनंच ठेवायचं, आणि लायनिंग कशाचं बनलंय ते बघून घ्यायचं. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि ऑइलचं सर्किट एकच, म्हणजे एक होज (रबरी पाइप) फुटला की सगळे ब्रेक एकदम गेले आणि हातात राहिला फक्त हँडब्रेक, त्यामुळे या विषयात मी हट्टी आहे आणि राहणार.

आधी रबर. न्यू ओल्ड स्टॉक म्हणजे जुन्या काळी बनलेला पण कधीच न वापरलेला माल, आणि तो सीलबंद पाकिटात मिळाला की लोक हरखून जातात. बल्बचा होल्डर, बॅज, हँडल असेल तर मीही हरखतो. पण चाळीस वर्षं पाकिटात पडून राहिलेला कप, म्हणजे सिलिंडरमधलं रबरी सील, वापरला नाही म्हणून नवीन राहत नाही, रबर नुसतं ठेवूनही कडक होतं, त्याची कड दाबली की बारीक भेगा दिसतात, आणि ती कडच तर प्रेशर धरून ठेवते. होजचं अजून वाईट, तो बाहेरून काळाभोर आणि छान दिसतो पण आतली भिंत फुगलेली किंवा सुटलेली असते. मग होतं काय, पायाच्या जोरावर ऑइल पुढे जातं पण परत यायला वाट मिळत नाही आणि ते एक चाक ब्रेक धरून बसतं. माणूस व्हील सिलिंडर (चाकाजवळचा, ब्रेक दाबणारा) खोलत बसतो आणि दोष होजमध्ये निघतो. म्हणून होज आणि सगळे कप आत्ताचे, माहीत असलेल्या कंपनीचे आणि शक्य असेल तर त्यावर बनवल्याची तारीख छापलेले. इथे जेन्युइन जुनं घेण्यात काहीच शहाणपण नाही असं मी अगदी ठामपणे म्हणतो.

रबर कुठलं आहे हेही विचारायचं. आज बहुतेक सील ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात आणि ते डॉट ३, डॉट ४ दर्जाच्या ग्लायकॉल ब्रेक ऑइलमध्ये मस्त चालतात, पण मिनरल ऑइल लागलं की फुगतात. सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीचं उदाहरण घ्या, त्यात १९६६ च्या सुमारास लाल एलएचएस ऑइल जाऊन हिरवं मिनरल एलएचएम आलं, आणि लाल गाडीचे सील हिरव्या गाडीत किंवा उलटं केलं तर अख्खी सिस्टीम खराब होते. बसवतानाही साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, रबर ग्रीस नाहीतर ब्रेक ऑइलच लावायचं.

आता बिडाचं काम, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) आणि व्हील सिलिंडर. इथे माझा कल पूर्ण उलटा आहे. जुनी ओरिजिनल बॉडी असेल आणि आतल्या बोअरला, म्हणजे गोल पोकळीला, गंजाचे खड्डे पडले असतील तरी ती फेकायची नाही, बोअर करून स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घ्यायची, आत नवीन किट टाकायचं. कारण रेप्रो बाहेरून हुबेहूब असतो आणि फरक असतो आतल्या मापात. बोअरचंच बघा, ३/४ इंचाच्या जागी ७/८ इंचाचा मास्टर सिलिंडर बसला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३६ टक्क्यांनी वाढतं, पेडल दगडासारखं घट्ट लागतं, आपल्याला वाटतं वा काय ब्रेक झाले, आणि प्रत्यक्षात तेवढ्याच जोरात लाइनमधलं प्रेशर कमी झालेलं असतं. मागच्या व्हील सिलिंडरचा बोअर मोठा आला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगवेगळे बोअर दिलेले असतात, विकणारा मात्र एकच पार्ट सगळ्यांना चालतो म्हणतो. व्हर्नियर घेऊन मोजायचं, दोन्ही बाजूंचं मोजायचं.

आणि मास्टर सिलिंडरमधलं ते बारीक भोक, कॉम्पेन्सेटिंग पोर्ट. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येऊन मुख्य कपाने हे भोक उघडं सोडायला हवं, म्हणजे ऑइल तापून वाढलं की टाकीत परत जातं. रेप्रोचा पिस्टन किंचित लांब असला, किंवा पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या पुशरॉडला फ्री प्लेच (थोडी मोकळी चाल) ठेवला नाही, तर भोक झाकलेलं राहतं. सुरुवातीला गाडी मस्त चालते, मग ऑइल तापतं, वाढतं, जायला जागा नाही म्हणून शू (लायनिंग बसवलेले कमानदार तुकडे) स्वतःच ड्रमला टेकतात, त्याने अजून तापतं, आणि शेवटी गाडी ओढल्यासारखी चालते. गार झाली की सगळं ठीक, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडतच नाही. मला एका नवीन सिलिंडरने हेच दाखवलं होतं, आणि जुना शेजारी ठेवून पिस्टन मोजला तेव्हाच उलगडा झाला. तपासायला सोपं आहे, टाकीचं झाकण काढून कोणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा, अगदी सुरुवातीला टाकीत ऑइलची बारीक उसळी दिसली पाहिजे (डोळे लांब ठेवा, आणि पेंटवर सांडू देऊ नका). ड्रमवाल्या बऱ्याच गाड्यांत लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा एक व्हॉल्व्हपण असतो, तो डिस्कच्या गाडीत चुकून आला तर पॅड घासत राहतात. हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.

आट्यांचं पण सांगतो कारण हे खरंच धोक्याचं आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांना ३/८ यूएनएफ आटे असतात, म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि बऱ्याच नवीन पार्टना मेट्रिक एम१० बाय १. दोन्हींचा पिच इतका जवळ आहे की ३/८ चा नट एम१० च्या भोकात बोटाने आरामात जातो, पान्याने आवळल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारला की आटे सोडू शकतो. नट बोटाने जाताना डगमगत असेल तर तिथेच थांबायचं. पाइपच्या टोकाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) सीटला जुळणारा पाहिजे, त्याचे डबल आणि बबल हे प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाइप कुप्रोनिकेलचे (तांबं-निकेलचे) घ्या, ओरिजिनल स्टीलचा हट्ट नको, ते गंजतात. विषय संपला.

डब्यावरच्या नावाबद्दल. उदाहरणार्थ गर्लिंग, हे ब्रेकच्या पार्टचं लुकास कंपनीच्या घरातलं नाव. लुकास १९९६ मध्ये व्हॅरिटीत मिसळली, १९९९ मध्ये ती टीआरडब्ल्यूने घेतली आणि २०१५ मध्ये टीआरडब्ल्यू झेडएफकडे गेली. एवढं घडल्यावर आजच्या डब्यावर जुनं नाव आहे म्हणून आतला माल त्याच साच्यातून निघालाय असं धरून चालता येत नाही. उलट काही रेप्रोवाले मनापासून काम करतात, ड्रॉइंगवरून बनवतात आणि रबर कुठलं, बोअर किती, हे विचारलं की लगेच सांगतात. मी नाव बघायच्या आधी हे प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं नाही तर घेत नाही.

लायनिंगमध्ये तर जुनं जेन्युइन नकोच, त्यात अॅस्बेस्टॉस असायची दाट शक्यता असते. जुने ड्रम उघडतानाही धूळ हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची. नवीन लायनिंगच्या कडेला बऱ्याचदा ईई, एफएफ अशी दोन अक्षरं असतात, पहिलं गार असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. त्यावरून लायनिंग किती टिकेल ते कळत नाही, पण गरम झाल्यावर पकड किती खाली येते ते कळतं. लीडिंग शूवाल्या ड्रममध्ये शू स्वतःच ओढला जातो, तिथे फार जहाल लायनिंग टाकलं की ब्रेक झटका मारतो आणि गाडी एका बाजूला खेचते, म्हणून एका ॲक्सलवर दोन्हीकडे एकच मटेरियल टाकायचं. डिस्क पॅडवर युरोपचा आर९० मार्क असेल तर त्याची पकड ओरिजिनलपेक्षा वरखाली १५ टक्क्यांच्या आत असल्याचं तपासलेलं असतं, मी तेवढ्यावर समाधानी असतो. शूचा गोलवा मात्र ड्रमशी जुळवून घ्यावा लागतो, विशेषतः ड्रम टर्निंग केलेला असेल तर. लायनिंगवर खडू फासून ड्रम फिरवला की कुठे टेकतंय ते लगेच दिसतं, फक्त मधेच टेकत असेल तर ग्राइंड करून घ्या.

सगळं बसवून एअर काढली की पेडलवर मिनिटभर जोर देऊन ठेवायचं, ते हळूहळू खाली जाता कामा नये. मग मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवून आलं की चारही ड्रमजवळ हात नेऊन कुठलं चाक जास्त तापलंय ते बघायचं. आणि काढलेले जुने सिलिंडर, अगदी गंजलेले असले तरी, नाव आणि बाजू लिहून ठेवून द्यायचे. पुढच्या वेळी मापं घ्यायला तेच लागतात.