काहीच करता येत नाही, तो गेम कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. मी शब्दांचे गेम सुचवतो. त्यात चित्र नसतं, आवाज नसतो. मजकूर वाचायचा आणि खाली इंग्रजीत आज्ञा टाइप करायची. तुम्ही दहा मिनिटं खेळता आणि मला विचारता, यात काहीच करता येत नाही, मग हा गेम कसला? कित्येक वर्षं हाच प्रश्न ऐकतोय आणि दर वेळी मी विषय बदललाय.

तळघर, खजिना, तलवार हवी असेल तर १९७७ पासून 'झोर्क' आहे. त्यासाठी मला विचारायची गरज नाही. मी सुचवतो ते वेगळ्या कारणासाठी.

'आयल' घ्या. सॅम बार्लोचा, १९९९ सालचा. सुपरमार्केटमध्ये एक माणूस ट्रॉली घेऊन न्योकी या इटालियन पदार्थाच्या पाकिटांसमोर उभा आहे. तुम्हाला एकच आज्ञा देता येते. पाकीट उचल, शेजारच्या बाईशी बोल, रड, काहीही सांगा. एक परिच्छेद येतो आणि गेम संपतो. शेवट शंभराहून जास्त आहेत, आणि ज्या बाईची त्याला आठवण येते तिचं नेमकं काय झालं हे त्यांत एकमेकांशी जुळत नाही. तुम्ही एक शेवट वाचून बंद केलात. निदान दहा वाचा हो.

'द गॉस्टॅक' तर तुम्ही पहिल्या ओळीलाच सोडलात. कार्ल मकनहूप्टच्या २००१ सालच्या या गेममध्ये बहुतेक नामं आणि क्रियापदं बनवलेली आहेत, व्याकरण तेवढं इंग्रजी. गॉस्टॅक डोशांना डिस्टिम करतो, आणि गॉस्टॅक म्हणजे तुम्ही. डिस्टिम करणं म्हणजे काय? करून बघायचं, उत्तरातला कुठला शब्द कुठे बसतो ते हेरायचं, वहीत टिपायचं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सच्या वर्गात बसलेल्यांना हे नवीन नाही. 'डिफ्यूज' म्हणजे काय हे कळायच्या आधी काय कशात डिफ्यूज होतं ते आमचं पाठ झालं होतं.

अकरावीचा विषय निघालाच आहे, तर 'रॅमसेस'बद्दल सांगतो. तुमच्या प्रश्नाचा सगळा रोख त्याच्यावरच असतो. स्टीफन बाँडनं २००० साली लिहिलेला हा गेम आयर्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत घडतो. तुम्ही त्या मुलाला सांगता, बोल. तो बोलत नाही. सांगता, उठ, त्याला अडव. तो कारणं देतो. मनात मात्र अखंड बडबड चालू. तुमच्यातल्या एकानं मला विचारलं होतं, हा बिघाड आहे का? बिघाड नाही. गेम तसाच लिहिलाय.

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत सहा कॉट होत्या. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाला आईचं पत्र आलं होतं. चौघांनी त्याच्या पत्र्याच्या पेटीतून ते काढलं आणि एक जण कॉटवर उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला. तिनं बोलते तसंच लिहिलं होतं. 'पानी उकळून पी, बाळा.' 'पानी' हा शब्द त्यांनी चार-पाचदा वाचला, दर वेळी आवाज बदलून. तो नुकताच अंघोळ करून आला होता, खांद्यावर ओला टॉवेल. पत्र मागत नव्हता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर फिजिक्सचं गाईड होतं. मी पान उलटलं.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. ते चौघं होते, तू एकटा. दुसऱ्या दिवशी तुझी पेटी उघडली असती. खोटं नाही ते. पण मी हरायला घाबरलो नव्हतो, नुसतं 'ए, बस' म्हणायलाच घाबरलो होतो.

बऱ्याच वर्षांनी 'रॅमसेस' खेळलो. 'बोल' टाइप करत राहिलो, तो बोलेना, आणि मला बरं वाटलं. कुणीतरी मला लिहून ठेवलंय असं वाटलं. त्याच भरात मी तो गेम त्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राला पाठवला. वर लिहिलं, 'हे खेळ, म्हणजे तुला माझं कळेल.' माफी नव्हती ती, हे आज कळतं. माझी बाजू मांडत होतो मी.

आठवड्यानं उत्तर आलं. 'खेळलो. बोल, भांड असं मी काही टाइप केलं नाही. समोरच्याकडे बघ, एवढंच टाइप करत होतो. बघायला तो नाही म्हणत नाही.'

हे गेम खेळणाऱ्यांना ठाऊक आहे, बघण्याची आज्ञा अगदी छोटी. 'एक्स' हे एक अक्षर आणि पुढे वस्तूचं किंवा माणसाचं नाव. मी शेकडो वेळा टाइप केलीय. त्या गेममध्ये मात्र ती मी हिशेबात धरलीच नव्हती.

नुसतं बघून काय झालं असतं? पत्र तर वाचलंच गेलं असतं. असं मी स्वतःला सांगतो, आणि लगेच पटतही नाही. त्याला विचारायचं धाडस झालेलं नाही.

म्हणून मी 'रॅमसेस' अजूनही सुचवतो. काहीच करता येत नाही, हे तुमचं म्हणणं मी आता खोडत नाही. फक्त खेळून झालं की तुम्ही काय काय टाइप केलंत ते मला सांगा. सगळं सांगा, त्यानं न ऐकलेलंसुद्धा.