छोल्याचं पाणी आणि चौसष्ट कुकीज

माझ्या ऑर्डरच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘गुरुवार, डोहाळजेवण. फजी ब्राउनी कुकीज ६४ नग, दोन-दोनचे ३२ बॉक्स. दुपारी ३ च्या आत.’ अंड्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण विचारणं हे माझं काम होतं.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन आला तेव्हा बत्तीस कुकीज जाळीवर गार होत होत्या. साताऱ्यात पाऊस नुकताच सुरू झाला होता, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि घरभर चॉकलेटचा वास कोंडला होता. फोनवर जिचं डोहाळजेवण होतं तिची नणंद होती. बोलता बोलता सहज म्हणाली, “ताई, यात अंडं नाही ना? आमच्या आजी माळकरी आहेत. दरवर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालतात. त्या आहेत म्हणून घरात अंडं शिरत नाही.”

मी तिला लगेच खरं सांगितलं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “मग राहू द्या का ताई? वहिनीला डोहाळेच या कुकीजचे लागलेत हो. तुमच्याकडच्या एकदा मैत्रिणीकडे खाल्ल्या होत्या तिनं.”

माझ्या बॉक्सवर तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह असतं. आपल्याकडच्या नियमानुसार अंडं घातलेला पदार्थ मांसाहारीत मोडतो, आणि तो त्रिकोण छापणं बंधनकारक आहे. पण बॉक्स हातात पडेपर्यंत ते चिन्ह कोण बघतं? मैत्रिणीच्या घरी ताटलीत आलेल्या कुकीवर तर काहीच छापलेलं नसतं. त्या मुलीनं अजाणता अंडं खाल्लं होतं, आणि उद्या तिच्या आजेसासूनंही खाल्लं असतं. तो फोन आला नसता तर, हा विचार मनात आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

“अर्धा तास द्या मला, सांगते,” असं म्हणून मी फोन ठेवला.

खरी अडचण काय होती ते आधी सांगते. एगलेस ब्राउनी मी वर्षानुवर्षं करते. दही घालून करते, कंडेन्स्ड मिल्क घालूनही करते. ती मऊ होते, ओलसर होते, लोक आवडीनं खातात. पण ब्राउनी कुकीचं सगळं रूप तिच्या वरच्या पापुद्र्यात असतं. कागदासारखा पातळ, चकचकीत, तडे गेलेला पापुद्रा, आणि तो दातांखाली मोडला की आत जवळजवळ गोळीबंद पाकासारखा चिवट मऊ गाभा. दह्यानं किंवा कंडेन्स्ड मिल्कनं तो पापुद्रा येत नाही. ते मी खूपदा करून पाहिलेलं आहे.

पापुद्रा येतो तो अंड्यामुळे, अंडं आणि साखर मिळून. दोन अंडी आणि दीडशे ग्रॅम साखर मी हँड मिक्सरनं पाच-सहा मिनिटं घुसळते. पिवळा रंग जाऊन ते पांढुरकं, दाट होतं आणि पातं उचललं की त्याची फीत पडते. अंड्यातल्या पाण्यात साखर विरघळते आणि फेसात अडकून राहते. भट्टीत गेल्यावर वरचा थर आधी वाळतो, त्याचं साखरेचं पातळ कवच होतं, आतलं मिश्रण फुगून त्याला खालून ढकलतं आणि कवच तडकतं. म्हणून साखर जाड चालत नाही. आपल्या दुकानातली साखर मी मिक्सरमधून फिरवूनच घेते. विकतच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, ती मी यात वापरत नाही. हे सगळं मला पाठ होतं, पण अंडं काढून घेतलं तर ते काम कुणाला सांगायचं याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

मी ओट्याशी उभी होते आणि शेजारी सासूबाई कुकरमध्ये छोले घालत होत्या. पुतणे आले होते, म्हणून अर्धा किलो भिजवले होते. त्यांच्या एका हातात मिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात खायच्या सोड्याची वाटी. ते बघितलं आणि मला आठवलं.

“आई, थांबा. मीठ नका घालू. सोडाही नको.”

फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ साली दाखवून दिलं होतं की कडधान्य शिजवलेलं पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस धरतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ असं लॅटिन नाव दिलं. मी ते वाचलं होतं, एकदा त्याचा मेरँग, म्हणजे साखर घालून घुसळलेल्या फेसाचा भाजलेला गोड पदार्थ, करायला गेले होते आणि तो बसला होता, तेव्हापासून नाद सोडला होता. चण्यातली थोडी प्रथिनं, थोडा स्टार्च आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. रिठा चोळला की फेस येतो तोही सॅपोनिनचाच. आईंना मी रिठ्याचंच उदाहरण दिलं, आणि त्यांना ते पटलं.

पण त्या म्हणाल्या, “अगं, रस्स्याची चव त्या पाण्यातच असते.” मग माझ्या तोंडाकडे बघून मिठाचा डबा परत मांडणीवर ठेवला. “बरं. मी खोबरं जास्त लावते वाटणाला. घे तुला पाणी.”

अर्धा तास व्हायच्या आत मी फोन केला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, जमेलच असा शब्द देत नाही, रात्री करून बघते आणि अकरापर्यंत कळवते. दोन, अंडं नसलं तरी माझा ओव्हन तोच आहे, त्यात रोज अंड्याचे केक भाजले जातात. हे आजींना विचारा. मला वाटलं नणंदच काहीतरी उत्तर देईल, पण फोन थेट आजींच्या हातात गेला.

“आगं, विस्तवात काय ऱ्हातंय? भांडी तेवढी येगळी घे, बाळ,” आजी म्हणाल्या.

मग भांडी वेगळी घेतली. वरच्या मजल्यावरच्या काकू कडक शाकाहारी आहेत, त्यांचा हँड मिक्सर आणि दोन पातेली आणली. ट्रे दोनदा घासून, कडक पाण्यातून काढून, नवीन बटर पेपर घातला. छोल्याचं पाणी गाळायची गाळणीही त्यांचीच.

छोले शिजल्यावर निघालेलं पाणी साधारण लिटरभर होतं, अगदी पातळ, पिवळसर. ते मंद आचेवर आटवत आटवत निम्म्यावर आणलं आणि पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं. गार झाल्यावर चमचा बुडवून उचलला तर धार तुटेना, लोंबत राहिली, अगदी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी. एका अंड्याच्या जागी तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिलिलिटर. चार घाण्यांना आठ अंडी लागली असती, म्हणजे ३६० मिलिलिटर पाणी. मोजून पाहिलं तर साडेचारशे भरलं. प्रयोगासाठी हातात नव्वद मिलिलिटर, म्हणजे अर्धे अर्धे घाणे करून दोनच संधी.

पहिली संधी मी घाईनं घालवली. फेस सुंदर आला होता. लिंबाचे दोन थेंब टाकून आठ मिनिटं घुसळल्यावर पातेलं उलटं केलं तरी हलत नव्हता. पण चॉकलेट-लोणी मी गॅसवरून उतरवलं तसं गरमच ओतलं, आणि डोळ्यांदेखत फेस खाली बसला. मिश्रण डोशाच्या पिठासारखं सैल झालं. तरी भाजून पाहिलं. आठही कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या, कडा चिक्कीसारख्या कडक आणि वर तुपकट चकाकी. पापुद्रा नाहीच.

दहा वाजले होते. मी खुर्चीवर बसले आणि त्या सपाट पत्र्यासारख्या तुकड्याकडे बघत अंड्याचा हिशेब मांडला. फेस हे अंड्याचं एक काम झालं. पण पिवळ्या बलकातला लेसिथिन लोणी आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, तो छोल्याच्या पाण्यात नाही, म्हणून तेल सुटलं. आणि अंडं भाजल्यावर घट्ट होतं, कुकीला पाठीचा कणा देतं. छोल्याचं पाणी तसं घट्ट होत नाही, म्हणून कुकीज पसरल्या. म्हणजे एका अंड्याची तीन कामं होती आणि मी एकाचीच सोय केली होती.

दुसऱ्या वेळी मैदा थोडा वाढवला, अर्ध्या घाण्याला ३३ ग्रॅमऐवजी ४०. त्यात एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा दूध पावडर. लोणी तीसवरून पंचवीस ग्रॅमवर आणलं. चॉकलेट तेच, ज्यात कोको बटर असतं ते. वनस्पती तुपाचं कंपाउंड चॉकलेट मी या कुकीत कधीच घालत नाही, जिभेवर त्याचा थर राहतो. आणि वितळलेलं चॉकलेट मी गार होऊ दिलं. तान्ह्या बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतात तसा एक थेंब मनगटावर टाकला. ना गरम लागला, ना गार. तेव्हा कुठे तीन वेळा विभागून, सपाट चमच्यानं खालून वर उलटत ते फेसात मिसळलं.

ट्रे आत सरकवून मी ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसले. १७५ अंश. चौथ्या मिनिटापर्यंत नुसते ओले गोळे पसरत होते. सहाव्या मिनिटाला वरची ओली चकाकी गेली, पृष्ठभाग मंद झाला आणि माझा जीव खालीवर झाला. मग तीच मंद त्वचा हळूहळू ताणली गेली, वेगळ्या प्रकारे चमकायला लागली, सुकलेल्या पाकासारखी. आठव्या मिनिटाला डावीकडच्या मागच्या कुकीवर केसाएवढी रेघ उमटली. मग तिला फाटा फुटला. मग शेजारच्या कुकीवर. आई मागे येऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “भेगाळलं की गं शेत.”

अकराव्या मिनिटाला बाहेर काढल्या. या कुकीज तेव्हा कच्च्या वाटतात, उचलायला गेलं तर मोडतात. ट्रेवरच दहा मिनिटं ठेवायच्या, तिथेच त्या आवळतात. ती दहा मिनिटं संपायची आम्ही दोघी वाट बघत होतो. कच्च्या मिश्रणाला छोल्याचा किंचित वास होता, तो भाजल्यावर औषधालाही उरला नव्हता. अंड्याच्या कुकीपेक्षा पापुद्रा थोडा जास्त नाजूक, गाभा थोडा जास्त चिवट. मला तो गाभा अधिक आवडला, हे मनापासून सांगते.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी फोन करून होकार दिला.

पहाटे पाचला कामाला लागले. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी आठच कुकीज नीट बसतात, म्हणजे घाणा सोळाचा असला तरी भाजायचा दोनदा. दुसरे आठ गोळे वाट बघत असताना मिश्रण गार होतं, चॉकलेट आळतं, आणि मग त्या कुकीजवर पापुद्रा धरत नाही, ठोकळ्यासारख्या उभ्या राहतात. म्हणून ते पातेलं मी कोमट पाण्याच्या पातेल्यावर ठेवते, तळ पाण्याला टेकू न देता. पण हा फेस अंड्याइतका दमाचा नव्हता, अकरा मिनिटं थांबणं त्याला झेपेल का ही भीती होती. त्यामुळे चार घाण्यांऐवजी मी आठ अर्धे घाणे केले. आठ वेळा मोजायचं, आठ वेळा घुसळायचं, आठ वेळा मनगटावर थेंब. सकाळी साडेनऊला चौसष्टावी कुकी जाळीवर आली. पातेल्यात छोल्याचं पाणी चमचाभरही उरलं नव्हतं.

बॉक्सवरचे तपकिरी त्रिकोणाचे स्टिकर एक एक सोलून काढले आणि हिरव्या ठिपक्याचे लावले. कालच्या बत्तीस अंड्याच्या कुकीज एका मोठ्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत ‘अंडं आहे’ लिहून, पुतण्यांच्या हवाली केल्या.

अडीचला स्कूटरवरून कार्यालयात पोचले. फुलांचे दागिने घातलेली ती मुलगी झोपाळ्यावर बसली होती, पुढ्यात ‘पेढा की बर्फी’च्या झाकलेल्या वाट्या मांडलेल्या होत्या. ओटीची तयारी चालली होती, त्यामुळे बॉक्स ठेवून निघायचं असं मी ठरवलं होतं. पण नणंदेनं हाताला धरून आजींसमोर नेलं.

आजींनी बॉक्स उघडला, एक कुकी तळहातावर घेतली आणि नखानं वरचा पापुद्रा अलगद उचलला. तो अख्खा उचलला गेला, अळवाच्या देठावरची साल सोलावी तसा. त्यातून त्यांनी उजेडाकडे बघितलं.

“हे काय म्हनायचं?”

“हरभऱ्याच्या पाण्याचा पापुद्रा आहे, आजी. काबुली हरभरा.”

“हरभऱ्याचं पाणी?” त्या आधी हसल्या, मग तो जिभेवर ठेवला. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग उरलेली कुकी मोडली, मोठा अर्धा भाग नातसुनेच्या हातात दिला आणि लहान अर्धा आपण खाल्ला. पोरीनं तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

निघताना आजींनी मला परत बोलावलं. लोणंदला जाताना दिंडीतल्या बायकांसाठी एक डबा न्यायचा होता त्यांना. “चार दिस टिकत्याल का?”

मी सांगितलं की नाही टिकणार, आजी. या हवेत पापुद्रा दुसऱ्याच दिवशी ओल धरतो आणि चिकट होतो. वाटेसाठी तूप घालून नानकटाई देते, ती आठ दिवस खुसखुशीत राहील, त्यातही अंडं नसतं. परत आलात की या कुकीज ताज्या करून घरी आणून देईन.

“मग वारीहून आल्यावर ये,” त्या म्हणाल्या. “आनि येताना ते पाणी बी आन गं थोडं. बघू दे मला, कसला फेस येतोय ते.”