तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पोर्शे ९४४ ला बॉक्सटरची चाकं

गाडी उभी केली की कोणीतरी थांबतंच, वाकून चाकं बघतं आणि विचारतं, ही पोर्शे बॉक्सटरची ना, ९४४ ला कशी बसली, माझ्या गाडीलाही बसतील का? उभ्या उभ्या सांगून होत नाही, अर्धं राहतं आणि जे राहतं तेच नेमकं महत्त्वाचं असतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझ्या गाडीला बसली कारण माझी ९४४ ही १९८७ पासूनच्या मॉडेलची आहे. तुमची त्याआधीची असेल तर हीच चाकं तशीच्या तशी लावू नका.

हे मी हाताने करून बघितलंय. एका मित्राची १९८५ ची ९४४ आहे, त्याला माझी चाकं फार आवडली, म्हटलं बघू तरी लावून. गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक सरकवलं, पाचही भोकं स्टडवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खुंट्यांवर, अलगद बसली, आम्ही दोघं एकदम खूश. नट हाताने फिरवले आणि चाक फिरवायला गेलो तर हलेचना. टायर आतल्या बाजूने शॉकअपला जाऊन टेकला होता.

भोकं जुळतात ते साहजिकच आहे, दोन्ही गाड्यांचा पीसीडी, म्हणजे किती भोकं आणि ती किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर, पाच बाय एकशे तीस, मधलं भोकही तेच ७१.६ मिमी. तिथेच लोक फसतात, भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं वाटतं. खरा प्रश्न ईटीचा आहे, म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारी जागा, या दोघांत किती मिमी अंतर आहे तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या पोटात आत जातं. सुरुवातीच्या ९४४ ची ७ इंची चाकं साधारण ईटी २३ ची, १९८७ पासून एबीएससाठी पुढची रचना बदलली आणि ती ५२ च्या आसपास गेली. पहिल्या बॉक्सटरची १७ इंची चाकं पुढे ७ इंच रुंद, ईटी ५५ आणि मागे साडेआठ इंच, ईटी ५०. आता हिशोब करा, माझ्या गाडीत पुढचं चाक जेमतेम ३ मिमी आत गेलं, मित्राच्या गाडीत ३२ मिमी. मागे रुंदीही वाढते त्यामुळे माझ्याकडे मूळ चाकापेक्षा बाहेर २१ आणि आत १७ मिमी जास्त जागा लागली, ती मिळाली, पण मडगार्डची कड बोटाने चाचपून मगच मी गाडी खाली सोडली.

मग स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती, लावू का, हा पुढचा प्रश्न. लावता येतो, जाड असेल तर स्वतःचे स्टड असलेला आणि हबवर घट्ट बसणाराच घ्या, लांब नट-बोल्टच्या भरवशावर ३० मिमीची पत्र्याची चकती मध्ये घालणं मला अजिबात मान्य नाही. पण खरं सांगू, आधीच्या मॉडेलवाल्यांनी बॉक्सटरचा हट्ट सोडून ईटी २३ ची फुक्स कंपनीची चाकं शोधावीत, जुन्या पोर्शे ९११ ची ७ बाय १६ तिथे छान बसतात आणि गाडीच्या वयालाही शोभतात.

नटांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. बॉक्सटरला बोल्ट असतात, ९४४ ला स्टड आणि नट, तेव्हा चाकांसोबत आलेले बोल्ट बाजूला ठेवा. चाकातली बैठक गोल आहे आणि ९४४ चा मूळ नटही गोल बैठकीचाच, ते जुळतं. बाजारातला शंकूसारखा तिरका नट त्यात घालू नका, तो कडेवर टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो. मूळ नट ॲल्युमिनियमचे आहेत, टायरवाल्याला नट आवळायची गन लावू देऊ नका, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, १३० न्यूटन मीटर, आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा तपासा.

टायरची उंची मात्र सुंदर जुळते. माझ्या गाडीला आधी २१५/६० आर १५ होते (२१५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ६० टक्के, चाक १५ इंची), व्यास ६३९ मिमी. बॉक्सटरचे मूळ साइझ २०५/५० आणि २५५/४० आर १७, दोन्ही ६३६-६३७ च्या घरात. त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये म्हणावा असा फरक पडत नाही. पण मी ते साइझ फार दिवस ठेवले नाहीत. ९४४ चं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, वजन जवळपास निम्मं निम्मं, माझ्या गाडीला मुळात चारही टायर एकाच रुंदीचे, ती वळणात जी समतोल जाते त्यासाठीच तर मी ती घेतली. मागे २५५ आणि पुढे २०५ लावल्यावर नाक बाहेर ओढायला लागलं, वळण घेताना स्टीअरिंग जास्त द्यावं लागायचं, मला ते सहन झालं नाही. आता पुढे २२५/४५ आणि मागे २४५/४० आहेत, बरीचशी जुनी गाडी परत आली.

बरीचशी म्हणतेय कारण एक गोष्ट गेलीच, टायरची भिंत १२९ मिमीची शंभरच्या आसपास आली, खराब रस्त्यावर प्रत्येक खड्डा हातात जाणवतो. म्हणून मूळची फोन डायल, म्हणजे जुन्या फोनच्या चकतीसारखी गोल भोकं असलेली, चाकं विकली नाहीत. लांबच्या प्रवासाला जायचं असलं की आदल्या संध्याकाळी तीच चढवते.

तुमच्याकडे चाकं आली असतील तर आधी ती पालथी घाला, मागच्या बाजूला रुंदी आणि ईटी कोरलेलं असतं. तो आकडा आणि गाडीचं मॉडेल वर्ष घेऊन या, मग बोलू.