दहा टक्क्यांची सवलत

व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमात येऊन दीड वर्ष झाले, तरी परिव्यय लेखांकन (उत्पादनाच्या खर्चाचा हिशेब) हा विषय परीक्षेपुरताच आहे, असे मी आज सकाळपर्यंत मानत होतो. आजच्या तासाला आमच्या गटाला एका काल्पनिक उत्पादनाचे आकडे मिळाले: स्थिर खर्च (कितीही नग बनवले तरी तेवढाच राहणारा) ६०,०००, प्रत्येक नगामागे बदलता खर्च ३० आणि विक्रीची किंमत ५०. म्हणजे प्रत्येक नगामागे २० उरतात आणि ३,००० नग विकले की ना नफा ना तोटा.

इथवर सोपे होते. विक्री वाढावी म्हणून दहा टक्के सवलत द्यावी, असे मी (विपणनाचा विद्यार्थी असल्याच्या आत्मविश्वासाने) सुचवले आणि गटानेही ते लगेच मान्य केले. परंतु किंमत ४५ झाल्यावर नगामागे केवळ १५ उरतात, म्हणून तोच स्थिर खर्च भरून काढण्यासाठी ४,००० नग, म्हणजे पूर्वीपेक्षा एक तृतीयांश अधिक विक्री लागते, हे फळ्यावर मांडताना माझा खडू मध्येच थांबला. तेवढी जादा मागणी येईल कशावरून, या सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. विपणन आणि लेखांकनाच्या वह्या मी आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत आलो. आज रात्री त्या दोन्ही एकाच वेळी उघडून बसलो आहे.