'जिंजर'च्या मुळाशी: शृंगवेराची शिंगं

इंग्रजी 'जिंजर' कुठून आला, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: संस्कृत 'शृंगवेर'. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर. आल्याच्या कंदाला शिंगांसारखे फाटे असतातच, की झालं! अर्थ इतका चपखल बसला की आधी संशय घ्यावा.

मागे जाताना एकही पायरी गाळायची नाही. 1066 साली फ्रान्सकडून इंग्लंडवर झालेल्या नॉर्मन स्वारीआधीच इंग्रजीत लॅटिनमधून 'जिंजिफर' आला होता. पुढे फ्रेंच रूपाची त्यात भर पडली. शब्द दोनदा, दोन वाटांनी आला. लॅटिनमध्ये पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी 'झिंगिबेरी' आणि 'झिंपिबेरी' अशी दोन रूपं नोंदवतो, वर हे मिरीच्या झाडाचं मूळ नव्हे, असंही बजावतो. त्याच शतकात वैद्य डायोस्कोरिडीसच्या ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस' आहे. अरबी 'झंजबील' ही याच घराण्यातली वेगळी फांदी. इंग्रजीच्या साखळीत तिला घुसवू नये.

ग्रीकच्या मागे प्राकृत वळणाचं रूप, पालीत 'सिंगिवेर'. आणि पालीच्या मागे? तमिळ-मल्याळममध्ये आल्याला 'इंजि' म्हणतात, तमिळमध्ये 'वेर्' म्हणजे मूळ. शब्द द्राविडी दिसतो. मग सुरुवातीचा 'स' कुठून आला? तमिळमध्ये शब्दारंभीचा जुना 'च' अनेक ठिकाणी गळाला. 'सहा'साठी तमिळ 'आऱु' म्हणते, तर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंडीत, 'च'चा 'स' होऊन, 'सारुंग' आहे. म्हणजे गळण्यापूर्वीचं रूप 'चिंकि'सारखं असणार आणि उत्तरेकडे गेलं ते तेच. असं रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, तुलनेनं बांधलेलं असतं; म्हणून ते आधी तारा (*) लावून छापतात. टिपणात तो तारा विसरला, की अंदाज पुराव्यात जमा होतो.

संस्कृतनं हा उसना शब्द ओळखीच्या 'शृंगा'त बसवला. व्युत्पत्तीच्या भाषेत ही लोकव्युत्पत्ती. मराठीपर्यंत तो पोचलाच नाही: आपलं 'आलं' हे 'आर्द्रक'वरून, म्हणजे ओलं ते, 'सुंठ' 'शुण्ठी'वरून.

आणि जपून, हलक्या हातानं या अर्थाचा इंग्रजी 'जिंजरली' इथे जोडू नका. त्याचा माग जुन्या फ्रेंचमधल्या 'नाजूक' अर्थाच्या शब्दाकडे जातो, आल्याकडे नाही.