नाक जड, शेपूट जड

परवा दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. त्याने थर्माकोलचे पहिलेवहिले रिमोटचे विमान बांधून पूर्ण केले होते आणि त्याचा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, नेमका कुठे ठेवायचा हे त्याला विचारायचे होते. मी डोळे न उघडताच म्हणालो, "नाक जड ठेवलंस तर विमान वाईट उडेल, आणि शेपूट जड ठेवलंस तर एकदाच उडेल." त्यावर तो चांगलाच वैतागला. "मामा, चेष्टा नको ना, नीट सांग." मग पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांच्या दरम्यान, असे आकड्यांत सांगितले, तेव्हा त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण मी पहिल्या वाक्यातच नीट सांगितले होते.

नाक जड असलेले विमान आळशी असते. त्याचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी झडप, सतत थोडा ओढून धरावा लागतो, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि उडवणारा कुरकुरत घरी जातो; पण विमान बरोबर घेऊन जातो. शेपूट जड झाले की गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या, म्हणजे ज्याच्या पुढे तो असला तरच विमान आपणहून सावरते त्या जागेच्या, मागे सरकतो, आणि मग एखाद्या झुळकीने नाक जरा वर उचलले गेले, तर ते आपणहून खाली येण्याऐवजी आणखी वर जाऊ लागते. तुम्ही घाबरून स्टिक पुढे ढकलता, नाक खाली येते, आणि तसेच खाली जात राहते. हा सगळा प्रकार इतक्या झटपट आटोपतो की त्या अवधीत कोणाला टक्केवारी आठवणे शक्य नसते. ते वाक्य मात्र आठवते; दुर्दैवाने बहुधा गवतातून तुकडे वेचताना आठवते.

माझे अनेक वर्षांचे निरीक्षण असे, की रविवारी सकाळी माळावर जमणाऱ्या आमच्या मंडळींत खरा सल्ला हा थट्टेतच दिला जातो आणि गंभीर चेहऱ्याने दिलेला सल्ला जरा पारखूनच घ्यावा लागतो. ज्याने दोन विमाने मोडली आहेत तो अंशांच्या आणि टक्क्यांच्या भाषेत बोलतो. ज्याने पन्नास मोडली आहेत तो नुसता तुमच्या विमानाकडे बघतो आणि विचारतो, "पिशवी आणली आहेस ना?" याचा अर्थ एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, उलटे जोडले आहेत, असा असतो. नवख्याला निव्वळ फजितीसाठी दिले जाणारे सल्ले निराळे. डाव्या पंखासाठी डाव्या आट्यांचे, म्हणजे उलटे फिरवून आवळायचे, स्क्रू आण, म्हणून त्याला दुकानात पिटाळणे हा त्यातला अगदी जुना प्रकार. अर्थात अनेक क्वाडकॉप्टरांच्या चारांपैकी दोन मोटरींवर आता खरोखरच डाव्या आट्यांचे नट येतात, त्यामुळे हा विनोद हल्ली जपून करावा लागतो. एकदा दुकानदाराने शांतपणे ड्रॉवर उघडून ते काढून दिले, तेव्हा पाठवणाऱ्याचेच तोंड पाहण्यासारखे झाले होते.

माझी स्वतःची एक खोड आहे, तीही येथेच सांगून टाकतो. हातात येणारी कोणतीही लांबट वस्तू दोन बोटांच्या टोकांवर ठेवून तिचा तोल पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. लाटणे, छत्री, लग्नाच्या पंगतीतला वाढप्याचा डाव, काहीही चालते. घरच्यांनी आता त्याकडे लक्ष देणे सोडले आहे. तोल बिघडलेला दिसला की सरळ नाकात शिसे कोंबणाऱ्यांबद्दलही माझ्या मनात फारसा आदर नाही. आधी बॅटरी पुढे सरकवावी, मग रिसीव्हर, म्हणजे विमानातला संदेश पकडणारा डबा, सरकवावा, आणि अगदीच इलाज उरला नाही तर मासे पकडायच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी घ्यावी. वजनाचे पैसे विमान प्रत्येक वळणावर वसूल करते.

हे थट्टेखोर शिक्षण मला लहानपणी काकाकडून मिळाले. त्याच्याकडे रेडिओ नव्हता. दोन बारीक पोलादी तारांना बांधलेले, त्याच्याभोवती गोल गोल फिरणारे विमान होते आणि त्यावर छोटे डिझेल इंजिन होते. त्या इंजिनाला प्लग नसतो, डोक्यावर दाब कमीजास्त करायचा आडव्या दांडीचा एक स्क्रू असतो, आणि त्याचे इंधन काका आमच्या गॅलरीत स्वतः तयार करत असे: एक भाग ईथर, एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल. एरंडेल अर्थातच आजीच्या बाटलीतले. एरंडेल आणि रॉकेल यांचे आपसांत फारसे पटत नाही, ईथर मध्ये पडले की दोघे गुण्यागोविंदाने मिसळतात, ही रसायनशास्त्राची पहिली गोष्ट मी त्या गॅलरीत शिकलो. आजी दारातून म्हणायची, "पोरांना पाजायचं ते यंत्राला पाजतोस, बरं पोट साफ होईल हो त्याचं." आणि ते खरोखरच व्हायचे. न जळलेले तेल मागून फवाऱ्यासारखे उडून काकाच्या विजारीवर बसे, आणि तो वास दोन धुण्यांतही निघत नसे. इंजिन सुरू करायचे तर प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, बोटाने झटका द्यावा लागे, आणि दाब जास्त झाला असेल तर इंजिन उलटा तडाखा देई. त्यावर काकाचा सल्ला असा होता: "आधी बोट काढून घ्यायचं, मग विचार करायचा."

रेडिओ आल्यावर सल्ल्यांचे स्वरूप बदलले, कारण सबबींचे बदलले. संचाचा चॅनल आतल्या क्रिस्टलवरून ठरायचा त्या जमान्यात एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले की एकाचे तरी विमान जमिनीत जाणार हे ठरलेले असे, म्हणून पाटीवर आपल्या चॅनलची चिमटी अडकवल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नसे. त्या काळी प्रत्येक अपघाताचे कारण 'इंटरफेरन्स' असे आणि त्यावर कोणी उलट विचारत नसे. पुढे 2.4 गिगाहर्ट्झचे संच आले, रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकू लागला आणि ही अब्रू राखणारी सोय संपली. तरीही अजून कोणीतरी म्हणतोच, "रेडिओ गेला हो," आणि मागून कोणीतरी शांतपणे विचारतो, "जमिनीला लागायच्या आधी की नंतर?"

मला सर्वांत आवडणारा सल्ला मात्र समोरून येणाऱ्या विमानाचा आहे. विमान तुमच्याकडे तोंड करून आले की डावे-उजवे उलटते. तुम्ही उजवीकडे स्टिक नेता आणि ते तुमच्या डावीकडे कलते. यावर आरशाचे दाखले देऊन लोक पुष्कळ समजावतात आणि ऐकणारा अधिकच गोंधळतो. आमच्याकडे एवढेच सांगतात, की जो पंख पडतो आहे त्याच्याखाली स्टिकचा टेकू दे. वाचायला थट्टा वाटते, पण विमान येत असताना डावीकडचा पंख खाली दिसला आणि तुम्ही स्टिक डावीकडे नेली, तर तो खरोखरच वर उचलला जातो. तसेच "दोन चुका पुरतील एवढ्या उंचीवर उडव" हे. उंची मीटरमध्ये सांगितली असती तर ती कोणी मोजली असती?

विमान दिसेनासे झाले की ते आपले राहिले नाही, असेही म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरे असते. 2003 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांचे टॅम-5 हे 5 किलोच्या आतले, निम्म्याच्या जवळपास वजन इंधनाचेच असलेले बाल्साचे विमान न्यूफाउंडलंडहून निघाले आणि जवळजवळ 39 तासांनी, 3,000 किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. त्याच्या आधीची त्याच मालिकेतली विमाने पोहोचली नव्हती. मधला सारा अटलांटिक ते ऑटोपायलटवर, कोणाच्याही नजरेपलीकडे उडत होते, आणि ज्यांनी ते बांधले त्या हिल यांची स्वतःची दृष्टी तोवर जवळपास गेली होती. त्यांना कोणी काय सल्ला दिला असेल कोण जाणे.

एका गोष्टीवर मात्र आमच्याकडे कोणीही थट्टा करत नाही, आणि ती म्हणजे विजेच्या मोटरीवरचा प्रॉप. काकाचे इंजिन बोटाला लागले की बंद तरी पडे. मोटर अडली की बॅटरीतून अधिकच करंट ओढते आणि फिरायचा प्रयत्न सोडत नाही, आणि थ्रॉटलची, म्हणजे मोटरीचा वेग वाढवायची, स्टिक सरकायला शर्टाची बाही पुरते. म्हणून घरी टेबलावर काही तपासायचे असेल तर बॅटरी जोडण्याआधी प्रॉप काढून ठेवायचा, हे एरवी एकही वाक्य सरळ न बोलणारी माणसे सरळ सांगतात, आणि तुम्ही काढला आहे की नाही हे स्वतः येऊन बघतात.